रविवारचे मोकळे हात

"कुनी लय ग्वाड बोलाय लागलं की टकळी हातात घ्यायची. बोलनाऱ्याच्या तोंडाकडं बगायचं न्हाई, सुताकडं बगायचं. सूत जाड-बारीक व्हाय लागलं की समजायचं, आपन वाहून चाललो. मग गप उठायचं, चुलीवर दूध हाय म्हनायचं, आन आत जायाचं. सूत सरळ हुईस्तवर कुनाला व्हय म्हनायचं न्हाई."

सासूनं, तानुबाईनं, हे सांगितलं तेव्हा हरणाबाईच्या अंगाची हळदसुद्धा उतरली नव्हती. खरातवस्तीवरचे पुरुष दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उसाच्या मुलखात उतरायचे, कोरेगाव-रहिमतपूरच्या अंगाला. ते परत यायचे मृगाच्या तोंडावर. मधले सगळे महिने वस्तीवर बायका, म्हातारी माणसं आणि वारा. अशा वेळी कोण कोण यायचं. लोकरीचे व्यापारी, मेंढरांवर मंत्र घालणारे, मतं मागणारे. तानुबाई दारात जोत्यावर बसून टकळी फिरवत सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मान हलवायची. मग एकाएकी उठायची, "आगं बया, चुलीवर दूध हाय," म्हणायची आणि आत गेलेली बाहेर यायचीच नाही. घरात बहुतेक वेळा दूध नसायचंच. पुढं पुढं वस्तीवर बोलायची रीतच पडली. सोयरीक मोडली, सौदा फिसकटला, की माणसं हसून म्हणायची, "म्हातारीचं दूध उतू गेलं."

माळाचा मधला तुकडा सासऱ्यानं जिवंतपणीच हरणाबाईच्या नावावर करून दिला होता. पुरुष आठ-आठ महिने बाहेर. तलाठी आला, मोजणीवाला आला, तर दारात मालक म्हणून कुणीतरी उभं पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशोब. सासरा गेला, सासू गेली, मागनं नवराही गेला. मुलगा सिद्धू मेंढरं सांभाळायला लागला. मंगल सून म्हणून घरात आली. टकळी मात्र हरणाबाईच्या हातातून सुटली नाही.

फक्त रविवारी ती खुंटीला असायची. एका वर्षी कोकरं पटापट मरायला लागली होती, तेव्हा हरणाबाई बिरदेवाला नवस बोलली होती: देवा, एवढी राखलीस तर तुझ्या वाराला लोकरीला हात लावणार नाही. उरलेली कोकरं जगली. तेव्हापासून रविवारी पहाटे डोक्यावरून अंघोळ, देवाला भंडारा, दिवस मावळेपर्यंत पोटात अन्न नाही, आणि हात मोकळे. मोकळ्या हातांना त्या दिवशी काय करावं ते कळायचं नाही. ती पदराचा काठ चोळत बसायची.

दिग्विजय आला तो रविवारीच.

तो हरणाबाईच्या धाकट्या दिराचा मुलगा. लहानपणी बाप मेंढरांमागं आणि आई सदा आजारी, म्हणून दोन-तीन वर्षं तो याच घरात, हरणाबाईच्या हाताखाली जेवला होता. शाळेत भाषणाचं बक्षीस कधी चुकलं नाही. पुढं सांगलीला शिकला, लग्नाच्या हळदीत, नेत्यांच्या वाढदिवसाला माईक हातात घेऊन बोलायला लागला. आता सोलरवाल्या कंपनीसाठी माळाच्या जमिनी बघत होता. पांढरा शर्ट, पायात बूट. बूट त्यानं पार अंगणाच्या कडेला काढले, वाकून हरणाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मंगलनं खुर्ची पुढं केली तर म्हणाला, "न्हाई वैनी. काकीसमोर खुर्चीत बसायचा मी?" आणि खाली घोंगड्यावर मांडी घालून बसला.

"ऊन लय लागलं का रं दिगू?" हरणाबाई म्हणाली.

"ऊन कुटलं काकी. तुमच्या हातची ताकभाकर आटवली, आन आलो."

"आज उपास हाय माजा. मंगल दील."

"न्हाई न्हाई. तुमचा उपास, तर माजा बी आज उपास."

हरणाबाईला भरून आलं. मंगल आत चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. तिला दिग्विजयच्या शर्टाच्या खिशावर केळ्याच्या वेफरचा चुरा दिसला होता. पण पाहुण्याचं असलं काही बघायचं नसतं.

"काकी, एक इचारू? पाऊस आदीसारखा ऱ्हायलाय का?"

"न्हाई बाबा."

"आन रान? जितं तितं लोकं तारा मारत्यात. मेंढरू रस्त्याच्या कडंनं चालवायची पाळी आली. व्हय का न्हाई?"

"व्हय. खरं हाय."

"आमचा आबा..." दिग्विजय थांबला. त्याचा बाप घाटात मेंढरांमागं चालताना ट्रकखाली गेला होता. "आबा रस्त्यावरच गेला. काठी हातातच हुती. तुमी बगितलंय काकी. तुमीच त्येचं त्वांड धुतलं." त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. त्यानं ते पुसलं नाही.

हरणाबाईच्या डोळ्यांसमोर दिराचं तोंड आलं. धूळ आणि रक्त एक झालेलं. तिचा हात मांडीशेजारी काहीतरी शोधायला लागला. तिथं काही नव्हतं.

"सिद्धूदादाचं तसं व्हावं, असं वाटतंय का तुमास्नी?"

"आरं काय बोलतोस! देवाच्या वारी!"

"मग? देवानं आजपातूर आपलं वाईट केलंय का कवा?"

"न्हाई. त्येनं न्हाई केलं."

"तेच म्हनतो मी. ही येळ बी त्येनंच आनलीया." आणि मग तो सांगत गेला. आवाज वर नाही, घाई नाही. ओढा हळूहळू भरत जावा तसा. दोन्ही बाजूच्या भाऊबंदांनी तुकडे द्यायचं कबूल केलंय. मधला तुकडा हरणाबाईचा. तो नाही आला तर त्यांचंही जमणार नाही, आणि मग भावकी आयुष्यभर काय म्हणेल. सोलरच्या काचा उंचावर बसवतात, खाली सावलीला गवत येतं, आपल्या माळापेक्षा बरं येतं. बिरदेवाच्या दगडावर आजवर छप्पर नाही; कंपनी देऊळ बांधून देणार, फरशी, ट्यूब, सगळं. गेटवर माणूस लागतो; सिद्धूला घरात राहून पगार. आणि आपण नाही म्हटलं तर उद्या सरकार नुसती नोटीस लावून घेईल, तेव्हा काय करणार?

"सिद्धूला इचारते रं. त्यो आला म्हंजी..."

"इचारा की. पर दादाचा राग तुमाला ठाव. त्यो आला की ह्ये असं निवांत बोलनं हुईल का? काकी, आज्जी असती तर तिनं कुनाला इचारलं आसतं? घरात मोटं मानूस कोन?"

आतून मंगल म्हणाली, "भावजी, ते आल्यावरच बगू की. चार दिसानं काय बिगडतंय?"

"वैनी, तुमचं बी खरं हाय," दिग्विजय हसून म्हणाला आणि पुन्हा हरणाबाईकडं वळला. "काकी, मला कागूद नको. कागदावर माजा इश्वासच न्हाई. कागूद काय, कोन बी फाडतं." उठून देव्हाऱ्यातल्या वाटीतला भंडारा त्यानं चिमटीत नव्हे, मूठभर घेतला आणि हरणाबाईच्या उघड्या तळव्यावर ठेवला. तिचे हात मोकळेच होते. "तुमच्या लेकरावानी इचारतो. देता न्हवं सही?"

सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ट्रकचा तो दिवस अजून डोळ्यांत होता. तळव्यावर भंडारा पिवळाधमक, गार. हरणाबाई म्हणाली, "दीन."

"देवाला सांगा."

"बिरदेवाची आन. सही दीन."

दिग्विजयनं तोच भंडारा तिच्या कपाळाला लावला, स्वतःच्या लावला, उरलेला वर उधळला. "चांगभलं!" म्हणाला. त्याचा आवाज कापला. तो खोटा कापला नव्हता.

मंगलनं तव्यावरची भाकरी उलटली. ती एका बाजूनं काळी झाली होती.

सोमवारी उजाडताच हरणाबाई टकळी घेऊन जोत्यावर बसली. लोकरीचा पेळू सोडला, टकळीला गिरकी दिली. सूत उतरेना. आधी जाड गाठ आली, मग केसागत बारीक झालं आणि तुटलं. तिनं पुन्हा जोडलं. पुन्हा तुटलं. शेजारी मंगल शेणाची पाटी खाली ठेवून उभी राहिली.

"आत्या, यक इचारू? रागवू नका."

"इचार."

"भावजी रविवारीच का आलं?"

टकळी हरणाबाईच्या मांडीवर पडली. ती सुनेकडं बघत राहिली. या घरात जेवलेलं पोर. रविवारी खुंटीवर काय असतं, हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?

"आसंल सवड," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

दुपारी सिद्धूचा फोन आला. तो रहिमतपूरच्या पलीकडं एका तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवून होता. मंगलनं सगळं सांगितलं.

"आयेला दे," सिद्धू म्हणाला. "आये, मिरगाला मेंढरं कुटं आनू मी? सांग की. घरात बांदू? छपरावर चडवू?"

"दिगू म्हनला, खाली गवत..."

"दिगू!" मागून रानाचा मालक जोरात ओरडला, "ए धनगरा, फोनवर बोलत बसलाईस व्हय? तिकडं वाफा खाल्ला की सगळा!" सिद्धू लगेच मऊ आवाजात म्हणाला, "आलो आलो, लालासाब. काडतो. हानू नका तुमी मेंढराला, मी काडतो." मग फोनमध्ये हळू, "आये, हितं रोज ह्ये ऐकतो. कशाच्या जिवावर? तर आपला माळ हाय म्हनून. आपल्या माळावर कोन आपल्याला 'ए' म्हनत न्हाई म्हनून."

फोन बंद झाला. हरणाबाईनं तो कानाजवळ तसाच धरून ठेवला होता.

"आत्या," मंगल म्हणाली, "पल्याडच्या गावच्या माळावर वरीसभर झालं त्या काचा लागल्यात. आपन ऐकलंय, बगितलं न्हाई. बगून यायचं का?"

दुसऱ्या दिवशी दोघी ऊन व्हायच्या आत निघाल्या. हरणाबाईच्या टाचांच्या भेगांत खडे जात होते. ती मधेच थांबून पाय झटकायची. टेकडी ओलांडली आणि समोर पाणीच पाणी चमकलं. तळं भरल्यासारखं. जवळ गेल्यावर ते पाणी नव्हतं. काचा होत्या, रांगांमागून रांगा, सगळ्या एकाच बाजूला माना वळवून बसलेल्या. भोवती उंच जाळी, वर काटेरी तार. जाळीच्या आत, काचांच्या सावलीत, गवत खरंच गुडघ्याएवढं होतं. हिरवंगार.

जाळीला टेकून एक म्हातारा बसला होता. शेजारी दोन-तीन शेळ्या तारेतून जीभ घालून गवताची टोकं ओढत होत्या. हरणाबाईनं ओळखलं. तो आकाराम, माहेरच्या नात्यातला. एकेकाळी त्याची मेंढरं ओढ्यातनं उतरायला लागली की शेवटचं मेंढरू दिसायला न्याहारीची वेळ व्हायची.

"आकारामदा, मेंढरं कुटं हायती?"

"इकली." त्यानं हात झटकला. "ठेवायची कुटं? आत सोडत न्हाईत. यंतर लावून गवत कापत्यात आन टाकून देत्यात."

"तुमास्नी सांगितलं न्हवतं का आत चरता येतंय म्हनून?" मंगलनं विचारलं.

म्हातारा विचार करून म्हणाला, "न्हाई. तसं न्हाई सांगितलं पोरी. खोटं कशाला बोलू. गवत येतंय, आसं सांगितलं. चरायचं मीच मनानं धरलं."

"आन देऊळ?"

त्यानं जाळीतून बोट दाखवलं. लांब काचांच्या मधोमध गुलाबी रंगाचं छोटं देऊळ होतं. "बांदलं की. फरशी हाय, टूब हाय. किल्ली वाचमनकडं. आमावशेला उगडून देतो, मन आसंल तर."

"गेटवर कोन हाय?"

"सांगलीचा कोन पोरगा हाय. इंग्रजी वाचतो. माज्या पोराला घेतला हुता, गेट बांदुस्तवर."

हरणाबाई जाळीला हात लावून उभी होती. म्हातारा तिच्याकडं बघत म्हणाला, "तुजा दिगू तुज्याकडं बी आला म्हन की. पाऊस आदीसारखा ऱ्हायलाय का म्हनला?"

"व्हय."

"देवानं आपलं वाईट केलंय का म्हनला?"

"व्हय."

"आन मदी रडला आसंल. बापाचं सांगून."

हरणाबाईनं मान हलवली.

"माज्याकडं बी तितंच रडला," आकाराम म्हणाला आणि तोंडात दात नव्हते तरी हसला. "हुशार पोरगं! मी त्येला पानी दिलं वरनं."

दोघी परत फिरल्या. चढावर मंगल थांबली. तिचा श्वास लागला होता, पण थांबली ती त्यासाठी नव्हे.

"आत्या, त्यातलं यक बी खोटं न्हाई. गवत हाय, देऊळ हाय, पाऊस कमी झालाय, धाकलं मामंजी ट्रकखालीच गेलं. समदं खरं. पर पाऊस कमी झाला म्हनून माळ द्याचा, ह्ये कुटनं आलं? पाऊस कमी झाला तर माळ जास्ती लागंल का कमी? आन मामंजी रस्त्यावर गेलं, ते माळावर न्हाई गेलं. माळ आसता तर रस्त्यावर कशाला आलं आसतं?"

हरणाबाई खडकावर बसली. "लोकर खरी," ती हळूच म्हणाली. "सूत खोटं."

"आन सरकार नोटीस लावील म्हनला. लावील तवा लावील. ते नोटीस लावील म्हनून आपन आदीच जाळी वडून घ्याची?"

"आगं, बास." हरणाबाईनं डोळे मिटले. "कळलं मला. परवा तू आतनं बोललीस, तवाच कळाय पायजे हुतं."

तिनं कमरेची टकळी काढली. तिथंच, खडकावर, वाऱ्यात. सूत एकसारखं उतरलं.

बुधवारी दिग्विजय आला तो सहीचा दिवस सांगायला. शुक्रवारी, तालुक्याला, गाडी पाठवतो म्हणाला. हरणाबाई जोत्यावर होती. टकळी फिरत होती.

"बस," ती म्हणाली. "दिगू, आत मेंढरं सोडत्यात का?"

"काकी, गवत तर..."

"गवताचं न्हाई इचारलं. मेंढरांचं इचारलं."

दिग्विजय हसला. "काकी, जरा टकळी ठेवा की. निवांत बोलू."

"तू बोल. मला ऐकू येतंय."

तो बोलायला लागला. भावकीवर आला. हरणाबाईनं विचारलं, दोन्ही बाजूच्यांनी आधी कबूल केलं की तिचं नाव सांगून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं? तो नोटिशीवर आला. तिनं विचारलं, कुणाला आली नोटीस, गावाचं नाव सांग. तो सिद्धूच्या नोकरीवर आला. तिनं विचारलं, आकारामच्या पोराला का काढला? मग तो बापाचं बोलायला लागला, आणि हरणाबाई सुतावरची नजर न काढता म्हणाली, "हितं रडायचं हाय न्हवं तुला?"

दिग्विजयचं तोंड उतरलं. दारात उभ्या मंगलला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

"काकी," तो म्हणाला, आणि हा आवाज वेगळा होता, माईकवरचा नव्हता, "रडनं खोटं नसतंय. दर घरात रडतो, दर येळंला खरंच येतंय. मला बी कळत न्हाई."

"मला ठाव हाय रं," हरणाबाई म्हणाली.

वारा सुटला होता. अंगणातले लोकरीचे पुंजके गोल फिरून कोपऱ्यात गोळा होत होते.

"तुमी म्हनताय ते समदं बरोबर हाय," दिग्विजय खाली बघत म्हणाला. "माज्याकडं उत्तर न्हाई. पर तुमी भंडारा उचललाय."

हरणाबाईची टकळी थांबली नाही.

मंगल पुढं आली. "भावजी, शबुद घेनाऱ्यानं सोडला तर सुटतो. तुमी घेतला, तुमी सोडा. यवडं म्हना, काकी, तुमाला मोकळं केलं. देवाफुडं म्हना. आमी तुमच्याइरुद्द कुटं बोलनार न्हाई. तुमी ह्या घरात जेवलाय."

हरणाबाईनं वर पाहिलं. इतका वेळ सुतावर असलेली नजर तिनं उचलली आणि पोराच्या तोंडावर ठेवली. सासूनं जे करू नको म्हणून सांगितलं होतं, तेच. तिच्या तोंडावर असं काही होतं की दिग्विजयला ते बघवेना. तो उठला. अंगणाच्या कडेला गेला, बुटात एक पाय घातला आणि तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मंगलला वाटलं, म्हणाला. म्हणालाच.

"न्हाई जमायचं वैनी," तो म्हणाला. "वर सांगितलंय मी. हितनं मागं फिरलो तर मला बी कोन..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. दुसरा पाय बुटात घातला. "गाडी पाठवतो."

"गाडी नगं," हरणाबाई म्हणाली. "माज्या पायानं यीन."

त्या संध्याकाळी सिद्धूचा पुन्हा फोन आला. तो आता ओरडत नव्हता. तो समजावत होता, आणि ते जास्त वाईट होतं. "आये, देवाला काय कळत न्हाई व्हय? फसवून घेतलेला शबुद त्यो धरतोय व्हय? त्यो काय तलाठी हाय?"

"फसवलं दिगूनं. भंडारा मी उचलला."

"पर मन तुजं हुतं का त्यात?"

"जीब माजी हुती."

"आये!"

"बाळा, कोकरं मरत हुती तवा मी त्येला बोलले. तू तापानं फनफनला हुतास, तवा बोलले. दर येळंला तोंडच वापरलं. माज्याकडं त्येला द्याला दुसरं काय हुतं? आता ह्या खेपंला म्हनू, ते नुसतं तोंडच हुतं? मग आदीचं बी समदं नुसतं तोंडच हुतं की."

मेंढरं ओरडत होती. सिद्धू म्हणाला, "मी इकडंच बगतो कुनाचं तरी रान. मिरगाला येत न्हाई." आणि फोन ठेवला.

मंगल चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. "आत्या, तुमाला माजं समदं पटलं. तुमीच त्येला गप केला. तरी जायाचं?"

"पटलं की. तू इचारलंस म्हनून पटलं. लय चांगलं इचारलंस बग. म्हातारी आसती तर तुजी दिष्ट काढली आसती." हरणाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "पर पटनं येगळं, पोरी. दिल्यालं येगळं."

शुक्रवारी पहाटे तिनं डोक्यावरून अंघोळ केली. वार देवाचा नव्हता, तरी केली. देव्हाऱ्यापुढं बसली, पण नेहमीसारखं काही मागितलं नाही. हात जोडून नुसती बसली. मग कपाळाला भंडारा लावला. मंगलनं भाकरी-चटणी फडक्यात बांधून ठेवली होती, ती घेतली. माळाचा उतारा पदरात बांधला. खुंटीवरची टकळी आणि पेळूंची पिशवी काढून घेतली.

मंगल चौकटीला धरून उभी होती. तिनं रात्रभर काही ठरवलं असावं. पण आता तिच्या तोंडून लहान मुलासारखं निघालं.

"आत्या, म्हना की. चुलीवर दूध हाय म्हना."

हरणाबाई हसली. "आसतं तर म्हनले आसते, बाय."

ती अंगणातून उतरली. एस्टीच्या फाट्याला जायची वाट माळातूनच होती. उन्हानं गवत कधीच जळालं होतं; काड्या पायाखाली मोडत होत्या. बिरदेवाच्या दगडापाशी ती थांबली, भोवतीच्या लेंड्या पदरानं झाडल्या, वाकली, पुढं निघाली. मागं वळून बघितलं नाही.

चढ लागला तेव्हा तिनं टकळीला गिरकी दिली. चालता चालता कातायची सवय होती. सूत उतरत होतं, बारीक, एकसारखं. कुठं गाठ नव्हती, कुठं तुटत नव्हतं.